धुणी धुणारीचा मुलगा : हान्स अँडरसन

ग. दि. माडगूळकरांचे बदकांच्या पिल्लांचे गाणे ऐकले नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. भावंडांनी हिणवलेले ते वेडेबिद्रे पिल्लू शेवटी राजहंस ठरते आणि लहानपणी आपला जीव भांड्यात पडतो. सत्ताधाऱ्याभोवती खुशमस्कऱ्यांचा गराडा पडला की वर्तमानपत्रांना राजाच्या नव्या कपड्यांची गोष्ट हटकून आठवते. वीस गाद्यांखालचा वाटाणा टोचणारी राजकन्या तर नाजूकपणाची खूणच होऊन बसली आहे. या गोष्टी आपल्याला आपल्याच वाटतात. त्या सांगणारा माणूस मात्र डेन्मार्क नावाच्या चिमुकल्या देशातल्या एका चांभाराचा मुलगा होता, आणि त्याची आई लोकांची धुणी धूत असे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हान्स ख्रिश्चन अँडरसन याचे चरित्र बहुधा एकाच साच्यात सांगितले जाते. गरीब मुलगा, हालअपेष्टा, दयाळू आश्रयदाता आणि अखेर जगभर कीर्ती. म्हणजे कुरूप पिल्लाचा राजहंस! अँडरसनला स्वतःलाही आपले आयुष्य असे सांगायला आवडे. १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्याने आपल्या आयुष्याची परीकथा अशाच अर्थाचे नाव दिले. परंतु त्याच्याविषयी जसजसे वाचत गेले, तसतसे मला हे चित्र अपुरे वाटू लागले. हा राजहंस तळ्यातल्या पाण्यात कधी सुखाने पोहलाच नाही. आणि ज्या चिखलातून तो वर आला, त्या चिखलानेच त्याला लेखक केले.

अँडरसनचा जन्म २ एप्रिल १८०५ रोजी फ्यून बेटावरील ओडेन्स या गावी झाला. घर म्हणजे एक खोली. तीत बापाची जोडे शिवण्याची बैठक, त्याच खोलीत चूल, तिथेच झोपणे. दोन घरांच्या पन्हाळीवर मातीची एक पेटी ठेवून आईने तीत थोडी भाजी लावली होती. तेवढीच त्यांची बाग. पुढे 'हिमराणी' या गोष्टीत छपरावरची ही बाग त्याने फुलवली आहे. बाप थोडेफार शिकलेला, पण आपल्याला आणखी शिकता आले नाही हे शल्य उराशी बाळगणारा. तो मुलाला अरबी भाषेतल्या सुरस कथा आणि होल्बेर्गची नाटके वाचून दाखवी. त्याने मुलाला बाहुल्यांचे एक छोटे नाटकघरही बनवून दिले. बाहुल्यांचे कपडे मुलगा स्वतः शिवत असे. आजोबा वेडसर होते. लाकडाची चित्रविचित्र जनावरे कोरून ते खेड्यापाड्यांतून वाटत फिरत आणि गावातली पोरे त्यांच्यामागे ओरडत धावत. आपणही एक दिवस असेच वेडे होऊ, ही धास्ती नातवाला जन्मभर पुरली.

बापाने पैशांसाठी दुसऱ्याच्या बदली सैन्यात नाव घातले. तो खचून परत आला आणि १८१६ साली वारला. तेव्हा हान्स अकरा वर्षांचा होता. त्यानंतर आई होती आणि नदी होती. ओडेन्सच्या नदीत गुडघाभर थंड पाण्यात उभी राहून ती दिवस दिवस कपडे आपटीत असे. अंगात ऊब राहावी म्हणून मध्येच दारूचा घोट घेई. घोटाची हळूहळू सवय झाली आणि सवयीचे व्यसन. तिला लिहिता येत नव्हते. लहानपणी तिला भीक मागायला घराबाहेर घालवले जाई, आणि हात पसरायचा धीर न झाल्यामुळे ती पुलाखाली रडत बसे, हे तिनेच मुलाला सांगितले होते.

आजी गावातल्या इस्पितळाच्या बागेत काम करी. तिथे वेड्यांना आणि निराधारांना ठेवीत. आजीबरोबर हान्स तिथे जाई आणि सूत कातणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये जाऊन बसे. या म्हाताऱ्या त्याला भुताखेतांच्या, चेटकिणींच्या, राजपुत्रांच्या गोष्टी सांगत. त्या अशिक्षित बायकांच्या चरख्याभोवती जगातल्या एका मोठ्या लेखकाची खरी शाळा भरत होती. पण हे कळायला त्याला स्वतःलाच पुढे वीस वर्षे लागली.

१८१९ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, साठवलेले तेरा रिग्सडालर खिशात घालून हा मुलगा एकटाच राजधानी कोपनहेगनला निघाला. आईला वाटे, पोराने शिंपीकाम शिकावे. पोराला नाटकात जायचे होते. आईने एका जाणत्या बाईकडून भविष्य पाहिले. तिने सांगितले, या मुलासाठी एक दिवस सारे ओडेन्स दिव्यांनी उजळेल. तेव्हा कुठे आईने परवानगी दिली. कोपनहेगनला पोचल्यावर तो एका प्रख्यात नर्तकीच्या घरी गेला. तिच्यापुढे बूट काढून, डोक्यावरची टोपी डफासारखी हातात धरून तो नाचू-गाऊ लागला. बाईला वाटले, पोरगा वेडा आहे. तिने त्याला वाटेला लावले. सिबोनी नावाच्या गायकाने काही दिवस गाणे शिकवले, पण वयात येताना आवाज फुटला. नाचात त्याचे लांबलचक हातपाय आड आले. नाटके लिहून दिली तर शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली म्हणून परत आली. तीन वर्षे त्याने अर्धपोटी काढली.

रॉयल थिएटरच्या संचालकांपैकी योनास कॉलिन या गृहस्थांना मात्र या मुलात काहीतरी दिसले. त्यांनी सरकारी खर्चाने त्याला शिकवण्याची व्यवस्था केली. १८२२ साली तो स्लागेल्स येथील शाळेत दाखल झाला. वय सतरा, उंची ताडमाड, आणि वर्गातली मुले अकरा-बारा वर्षांची! लॅटिन, ग्रीक, भूमिती सारेच नवे. मुख्याध्यापक मेसलिंग विद्वान होते, पण या मुलाचा त्यांनी भर वर्गात पाणउतारा केला. त्याने कविता लिहू नये अशी त्यांची सक्त ताकीद होती. कहर म्हणजे काही काळ त्याला त्यांच्याच घरात राहावे लागले. १८२७ साली कॉलिननी त्याला तिथून सोडवले, आणि खाजगी शिकवणीनंतर १८२८ साली, तेविसाव्या वर्षी, तो विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला. मेसलिंग मात्र त्याला सोडून गेले नाहीत. म्हातारपणी, जगभर नाव झाल्यावरही, ते त्याच्या स्वप्नात येत, आणि तो त्यांच्यापुढे उत्तर न येणारा विद्यार्थी होऊन उभा राही.

हे वाचताना माझे मन थोडे थबकले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. घरी 'व्हय' म्हणते आणि इथे आल्यावर 'होय' म्हणते. हे 'होय' तोंडातून येण्याआधी क्षणभर जीभ अडखळते, हे ज्यांच्या घरात आधीच पुस्तकांची कपाटे आहेत त्यांना कळणार नाही. अँडरसनला ते कळले असते. शिक्षणाने त्याला वर नेले आणि त्याच वेळी त्याच्या जिभेवर कुलूपही घातले.

ते कुलूप १८३५ साली उघडले. त्या वर्षी इटलीच्या पार्श्वभूमीवरची त्याची कादंबरी गाजली आणि त्याच वर्षी, मे महिन्यात, मुलांसाठी सांगितलेल्या चार गोष्टींची एक चिमुकली पुस्तिका निघाली. चकमकीच्या डबीची गोष्ट, थोरला आणि धाकटा क्लाउस, वाटाण्यावरची राजकन्या आणि छोट्या इडाची फुले. पहिल्या तीन त्याने लहानपणी ऐकलेल्या गोष्टींवरून लिहिल्या आणि चौथी स्वतः रचली. पण खरा फरक भाषेत होता. चकमकीच्या गोष्टीत पहिल्याच ओळीत शिपायाची पावले तालात वाजतात. वाक्ये मध्येच तुटतात, उद्गार येतात, सांगणारा मुलांकडे वळून बोलतो. म्हातारी आजी जशी सांगते तशी ती भाषा होती. काही टीकाकारांनी नाके मुरडली. लिहिताना बोलल्यासारखे लिहायचे नसते, शिवाय या गोष्टींत बोध कुठे आहे, असा त्यांचा आक्षेप. शास्त्रज्ञ ओरस्टेड, ज्यांनी विजेचा आणि चुंबकाचा संबंध दाखवून दिला, त्यांना मात्र कळले होते. कादंबरी त्याला प्रसिद्धी देईल, पण अमर करतील त्या या गोष्टीच, असा त्यांचा अभिप्राय होता. आज ती कादंबरी कोण वाचते?

ज्या लेखनासाठी त्याला शाळेत घातले ते त्याने शाळेत शिकलेल्या भाषेत केलेच नाही. त्याने शाळेत गमावलेली भाषा परत मिळवली, आणि तिच्यातून सुमारे दीडशे गोष्टी लिहिल्या. शुद्धलेखन तर त्याला जन्मभर जमले नाही. हस्तलिखिते तपासण्याचे काम कॉलिनांचा मुलगा एडवर्ड करी.

या एडवर्डची आणि अँडरसनची एक हकीकत मराठी वाचकाला चटकन समजेल. त्या काळच्या डॅनिशमध्ये आपल्यासारखीच दोन संबोधने होती. जवळच्याला 'दु' म्हणजे तू, आणि परक्याला किंवा मानाच्या माणसाला 'दी' म्हणजे तुम्ही. कॉलिनांचे घर अँडरसनला आपलेच घर वाटे. १८३१ साली त्याने एडवर्डला पत्र लिहून विनवले की आपण यापुढे एकमेकांना 'तू' म्हणू या. एडवर्डने सभ्य शब्दांत नकार दिला. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे दोघे एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत राहिले. अपमान करताना 'अरे-तुरे' करतात हे आपल्याला माहीत आहे. आदराने 'तुम्ही' म्हणूनही माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवता येते, हे अँडरसनच्या आयुष्यात दिसते.

त्याच्या सवयीही या उंबऱ्यावरच्या माणसाच्या आहेत. तो अविवाहित राहिला. गायिका जेनी लिंड हिच्यावर त्याचे प्रेम होते, तिने त्याला भाऊ मानले. त्याने स्वतःचे घर कधी बांधले नाही, भाड्याच्या खोल्यांत राहिला. स्वतःचे सामानसुमान, पलंग वगैरे त्याने साठी उलटल्यावर घेतले. रात्रीच्या जेवणाचे त्याचे वार ठरलेले असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. आपल्याकडे वार लावून जेवणारे विद्यार्थी असत, तसाच हा जगप्रसिद्ध लेखक वार लावून जेवत होता! फरक इतकाच की घरे श्रीमंतांची होती.

प्रवासाची त्याला विलक्षण हौस. सुमारे तीस वेळा तो परदेशी गेला आणि आयुष्याची नऊहून अधिक वर्षे त्याने देशाबाहेर काढली. पण ट्रंकेत नेहमी एक लांब दोर असे. हॉटेलला आग लागली तर खिडकीतून उतरता यावे म्हणून! मेणबत्ती विझवली की नाही हे पाहायला तो रात्री पुन्हा उठे. कुत्र्यांना घाबरे. पासपोर्ट हरवेल म्हणून घाबरे. आपल्याला चुकून जिवंत पुरतील या भीतीने तो झोपताना उशाशी चिठ्ठी ठेवी, की मी मेल्यासारखा दिसत असलो तरी मेलेलो नाही. लोक या सवयींना हसतात. मला वाटते, ज्याचे सारे काही दुसऱ्यांच्या कृपेवर उभे आहे, त्याला सगळे एका रात्रीत जाईल असे सतत वाटणारच. १८५७ साली तो इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्सकडे दोन आठवड्यांसाठी गेला आणि पाच आठवडे राहिला. यजमान कंटाळले आणि पुढे डिकन्सने त्याला पत्रे लिहिणे सोडले. त्याला बिचाऱ्याला काय झाले ते कळलेच नाही. जन्मभर पाहुणा राहिलेल्या माणसाला पाहुणचाराची सीमा कुठे संपते हे शेवटपर्यंत उमगले नव्हते.

त्याची एक सवय मात्र निखळ आनंदाची होती. मोठी कात्री आणि कागद घेऊन तो बसे. तोंडाने गोष्ट चाले, हात कागद कापीत आणि गोष्ट संपता संपता घडी उलगडली की आतून नर्तकी, हंस, पवनचक्की निघे. कधी कधी फासावर लटकलेला माणूसही निघे. बापाच्या बाहुल्या आणि आजोबांची लाकडी जनावरे त्या कात्रीत उतरली होती असे वाटते.

आणि आई? तिचे शेवटचे दिवस ओडेन्सच्या गरिबांसाठीच्या आश्रयगृहात गेले. १८३३ साली ती वारली तेव्हा मुलगा इटलीत होता. बातमी पत्राने कळली. तिचे हाल संपले म्हणून आधी त्याला सुटका झाल्यासारखे वाटले, आणि मग आपण आता जगात अगदी एकटे आहोत हे जाणवले. आईच्या लग्नाआधी जन्मलेली एक सावत्र बहीण होती. ती एक दिवस दारात उभी राहील, याची त्याला धास्ती वाटे. आत्मचरित्रात त्याने तिचा उल्लेख टाळला. वर गेलेला माणूस मागच्यांना असा पुसून टाकतो, हे वाचून वाईट वाटते.

पण आत्मचरित्रात जे पुसले ते गोष्टींत पुन्हा उमटले. १८४५ साली एका पंचांगाच्या संपादकाने त्याच्याकडे चित्रे पाठवून एखाद्या चित्रावर गोष्ट मागितली. त्याने काड्यापेट्या विकणाऱ्या गरीब मुलीचे चित्र निवडले. तेव्हा तो एका ड्यूकच्या वाड्यात पाहुणा होता. मेजवान्या चालू असताना त्याने बर्फात गोठून मरणाऱ्या मुलीची गोष्ट लिहिली, आणि तिच्यात पुलाखाली रडत बसलेली त्याची आई आहे. १८५२ साली त्याने एका धोबिणीची गोष्ट लिहिली. नदीच्या थंड पाण्यात उभी राहून ती काम करते, मुलगा तिला दारूची बाटली नेऊन देतो, आणि गावचा प्रतिष्ठित माणूस तिला कुचकामी ठरवतो. गोष्ट सांगणारा मात्र ठामपणे तिच्या बाजूला उभा राहतो. ही परीकथा नाही. तीत कुणाचा राजहंस होत नाही. वीस वर्षे उशिरा का होईना, मुलाने आईची बाजू गावापुढे मांडली.

६ डिसेंबर १८६७ रोजी ओडेन्सने त्याला सन्माननीय नागरिक केले. गाव दिव्यांनी उजळले, मशालींची मिरवणूक निघाली आणि त्या जाणत्या बाईचे भविष्य खरे ठरले. अँडरसनचा दात मात्र त्या संध्याकाळी भयंकर ठणकत होता! भोवती मुले बागडत आहेत अशा त्याच्या पुतळ्याचा आराखडा पुढे त्याला दाखवला गेला तेव्हा तो संतापला. अंगाशी झोंबणाऱ्या मुलांना आपण कधी गोष्ट वाचून दाखवू शकलो नाही, आणि आपण केवळ मुलांचे लेखक नाही, असे त्याचे म्हणणे. कोपनहेगनच्या राजबागेत आज जो पुतळा आहे त्यात तो एकटाच बसला आहे. त्याच्या गोष्टी ऐकायला मुलांप्रमाणे कामगारही येत. कामगारांच्या संघटनेत जाऊन तो त्यांना गोष्टी वाचून दाखवीत असे. चांभाराच्या मुलाला आपले श्रोते तिथे सापडले असतील, यात नवल नाही.

४ ऑगस्ट १८७५ रोजी, एका स्नेही कुटुंबाच्या बंगल्यात, म्हणजे अखेरही दुसऱ्याच्याच घरी, तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे पुढे एडवर्ड आणि त्याची पत्नी त्याच्याच शेजारी पुरली गेली. काही वर्षांनी मात्र कॉलिन घराण्याने त्या दोघांना आपल्या कौटुंबिक जागेत हलवले. अँडरसन तिथे एकटाच उरला.

आज २ एप्रिल, त्याचा जन्मदिवस, जगभर बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो आणि बालसाहित्यातला सर्वांत मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्याच्या नावाने दिला जातो. शंभराहून अधिक भाषांत त्याच्या गोष्टी गेल्या आहेत. हे सारे मेसलिंगसाहेबांच्या लॅटिनमधून आले नाही. लॅटिनही हवे होते, नाही असे नाही. अक्षर हाती आले नसते तर त्या कातणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी त्यांच्याबरोबरच संपल्या असत्या. म्हणून आपल्यापैकी जे पहिल्यांदाच या पायऱ्या चढून आले आहेत त्यांनी व्याकरण मन लावून शिकावे, आणि घरी गेल्यावर आजीजवळ बसून ती काय सांगते तेही लिहून ठेवावे. ती सांगेल तसेच, तिच्याच शब्दांत.